रोशनचं बोलणं तुझ्याकडेच राहिलं

दर्शे,

नाशिकच्या त्या मुलीचा काल चौथ्यांदा मेसेज आला. ‘ताई, सत्ताविसावा भाग कधी? रोशन येणार ना?’ सोबत तीन रडके चेहरे. तिला काय उत्तर द्यावं ते कळेना, म्हणून मी फोन उशीखाली घातला आणि वर डोकं ठेवून पडले, तर तो आतून गुरगुरतच राहिला. तुला जाऊन आज अठरा दिवस झाले. गोष्टींच्या त्या ॲपवर मात्र आपण दोघी अजून आहोत तशाच आहोत. तिथे आपली दोन नावं जोडून केलेली ऋतुदर्शना नावाची एकच कुणीतरी बाई राहते, ती महिन्याला कादंबरीचा एखाददुसरा भाग टाकते, आणि दीड महिना झाला तरी ती गप्प का, याची कुठल्याकुठल्या गावच्या पोरापोरींना काळजी लागली आहे.

आधी हे सांगून टाकते की मला तुझा राग आला आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण आपल्यात तसं काही ठरलेलं नव्हतं. तू होतीस तेव्हा मी तुझ्यावर आठवड्यातून दोनदा रागवायचे आणि तू मला रोज चिडवायचीस. ती सवय एकदम मोडायची कशी ते सांगून तरी जायचं होतंस.

बोर्लीच्या नाक्यावर तुझा बॅनर लागला होता. कॉलेजच्या गॅदरिंगमधला तो फोटो, डोळे अर्धे मिटलेला, जो मी डिलीट करावा म्हणून तू माझ्या हाताला चावली होतीस. खाली लिहिलेलं, ‘शांत आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व’. मी बालवाडीत शिकवून येताना ते वाचलं आणि मला भर रस्त्यात हसू आलं, आणि हसताहसताच रडू फुटलं. भाजीवाल्या मावशींनी मला त्यांच्या स्टुलावर बसवून पाणी दिलं. शांत म्हणे. एसटीच्या कंडक्टरला तिकिटाच्या सुट्ट्यावरून रडकुंडीला आणणारी तू. मनमिळाऊ हे मात्र खरं असावं, कारण माझ्यासारखीशी तू दहा वर्षं जमवून घेतलंस.

तू अर्धी कादंबरीकार होतीस हे त्या बॅनरवर नव्हतं. ते असायला कुणाला माहीतच नव्हतं. मला आणि तुझ्या आईला, बस.

तुला आठवतं, सुरुवात मी केली होती. बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आपण, श्रीवर्धनला जायची सकाळची गाडी पाऊण तास उशिरा होती, आणि मी तुला म्हटलं की मला एक प्रेमकथा लिहायची आहे. तू वडापाव खात होतीस. म्हणालीस, “नुसतं प्रेम कोण वाचतंय? त्यात एक मेलेला घाल.” मी चिडले. गाडी आली तेव्हा मात्र आपला मेलेला मुलगा तयार होता. त्याचं नाव मी अर्णव ठेवलं, तर तू खिडकीला डोकं टेकून इतकी हसलीस की पुढच्या सीटवरचे गुरुजी मागे वळून बघायला लागले. “अर्णव? ह्या नावानं कोळीवाड्यात हाक मारली तर कुत्रा पण बघणार न्हाय.” मग तो रोशन झाला. मुलीचं नाव सई, ते तू मला ठेवू दिलंस, कारण ती बाहेरगावची होती.

गावाचं नाव आपण वेळबंदर ठेवलं. एक जेटी, एक एसटी स्टँड, एक ज्युनिअर कॉलेज, आणि गावाच्या टोकाला खडकांची एक रांग, जी पाणी पार उतरलं तरच दिसते. वडिलांची बदली झाली म्हणून सतरा वर्षांची सई तिथे येते. त्या खडकांवर तिला एक मुलगा भेटतो, ज्याचे केस कायम ओले असतात. तो कधीच खडक सोडून वाळूत येत नाही. पाचव्या भागात तिला कळतं की तो काही वर्षांपूर्वी बोटीवरून बुडालेला आहे आणि खडक उघडे असतील तेवढाच वेळ त्याला इथे थांबता येतं. कादंबरीचं नाव तू ठेवलंस, ‘ओहोटीपुरता’. मला ते नाव तेव्हा आवडलं नव्हतं. ते मी तुला सांगितलं होतं, पण नंतर आवडायला लागलं हे सांगायचं राहिलं.

सई माझी आणि रोशन तुझा, ही वाटणी कधी ठरली ते मला आठवत नाही. सईचे भाग मी लिहायचे, रोशनचे तू. दोघं एकत्र आले की मी सईचं एक वाक्य फोनवर तुला पाठवायचे आणि तू रोशनचं उत्तर पाठवायचीस. एकाच बाकावर शेजारी बसून आपण असे मेसेज करायचो, कारण ते बोलणं तोंडाने म्हणायची दोघींनाही लाज वाटायची. सई विचारायची, तुला थंडी वाजत नाही का? तू मान खाली घालून बराच वेळ टाइप करायचीस, आणि माझ्या फोनवर यायचं, ‘वाजते. पण सांगितली की तू घरी जायला निघतेस.’ मी तुझ्याकडे बघायचे. तू खिडकीबाहेर बघत असायचीस.

आणि माझी ती घोडचूक. पहिल्या तीन भागांत मी सई-रोशनला रोज संध्याकाळी पाच वाजता भेटवत होते. आठवडाभर, रोज पाचला. तू तिन्ही भाग एकदम वाचलेस आणि कपाळाला हात लावलास. “ए वाडीवाले, पाणी काय तुमच्या शाळेच्या घंटेवर चालतंय?” माझ्या घरापासून समुद्र किती दूर, तर नारळाच्या दोन वाड्या ओलांडल्या की पायाला पाणी. वीस वर्षं मी त्याचा आवाज ऐकत झोपले होते. पण मी फिरायला जायचे ती संध्याकाळी, म्हणून पाणी उतरतं ते संध्याकाळी, असं मी खुशाल समजून चालले होते. समुद्राकाठच्या माणसाने करावी अशी ही चूक नाही, आणि ती तू मला कधी विसरू दिली नाहीस.

मग तू भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे टाकलंस आणि तुझ्या बाबांनी तुला शिकवलेला हिशेब मला शिकवलास. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरतं आणि भर दुपारी बाराला उतरतं. पुनवेला आणि अवसेला दुपारी भरतं, संध्याकाळी सहाला उतरतं. रोज सगळं पाऊण तासाने पुढे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तू सगळ्या भागांच्या तिथी मांडल्यास. त्या कागदाने आपली कादंबरी बदलून टाकली. द्वादशीला पाणी तीनला उतरणार म्हणून सईला गणिताचा तास बुडवावा लागला, आणि एकदा मामाच्या लग्नातून अक्षता पडायच्या आत पळावं लागलं. मला वाटायचं कथानक मी रचते आहे. ते तुझं कॅलेंडर रचत होतं.

अष्टमीच्या आगेमागे भांग असतं, हेही तूच सांगितलंस. तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही, टोकाचे खडक उघडे पडतच नाहीत. “त्या दिवसांत तो येऊच शकत न्हाय.” म्हणून दहाव्या भागात रोशन आला नाही. नुसती सई काठावर बसून राहिली. वाचणाऱ्यांनी आपल्याला काय काय बोलून घेतलं ते आठवतं ना? पण पुढच्या महिन्यात त्याच पोरी लिहायला लागल्या, ‘ताई, उद्या सप्तमी, रोशन येणार नाही ना?’ नागपूरकडची एक होती, तिने समुद्र पाहिलाही नव्हता. तिला तिथ्या पाठ झाल्या. तू तो मेसेज तुझ्या आईला, मावशींना, वाचून दाखवलास आणि त्यांना काय तो अभिमान वाटला.

मावशींना तू सगळेच भाग वाचून दाखवायचीस. दुपारी अंगणात सोडे वाळत पडलेले असायचे, मावशी कावळे हाकलत बसायच्या आणि तू पडवीतून मोठ्याने वाचायचीस. जवळीक आली की अडखळायचीस आणि म्हणायचीस, “आये, इथली दोन पानं गहाळ हायत.” मावशी म्हणायच्या, “फोनातली पानं कशी गो गहाळ होतात?” नवव्या भागाच्या आधी त्यांनी आपल्याला धारेवर धरलं होतं. “ती पोर रोज जाते नि त्याच्याशी बोलत बसते. त्याला कोणी खायला का नेत न्हाय?” आपण म्हटलं, मावशी, तो मेलाय. त्या म्हणाल्या, “म्हणून काय भूक मेली?” मग सईने डब्यात भाकरी आणि सुकट नेली. रोशनला खाता आली नाही, त्याने नुसता डब्याचा वास घेतला आणि डबा परत दिला. तो भाग सगळ्यात जास्त वाचला गेला. ते श्रेय मावशींचं, आपण उगाच घेतलं.

तुझे बाबा बोटीवरून परत आले नाहीत तेव्हा तू सहावीत होतीस. मी तेव्हा तुला नुसती तोंडओळखीने ओळखत होते, पुढच्या बाकावरची मुलगी, जी पंधरा दिवस शाळेत आली नाही. त्यांचा फोटो तुमच्या घरात आहे, पण त्याला हार नाही. एकदा मी अजाणता विचारलं, का नाही, तर तू म्हणालीस, “आय घालू देत न्हाय. हाताला काय लागलं न्हाय तर हार कशाला घालायचा, बोलते.” ‘ओहोटीपुरता’च्या शेवटी रोशनचे दिवस हरिहरेश्वराला करावेत आणि तो मोकळा व्हावा असं मी सुचवलं, तेव्हाही तू एवढंच विचारलंस, “कशावर करणार?” मी तो विचार सोडून दिला.

तुमच्या घरात बोटीवर जाणाऱ्याला निरोप देत नाहीत. कुठे, कधी, काही विचारायचं नाही, पाठून हाक मारायची नाही. माणूस आपला जाळं उचलतो आणि जातो, घरातली माणसं हातातलं काम चालू ठेवतात. त्याने परत यावं म्हणून असं करायचं. आमच्या घरी उलट. मुंबईला दोन दिवस जाणारा काका अर्धा तास निरोप घेतो, आई पिशवीत नारळ कोंबते, आजूबाजूचे गोळा होतात. त्यामुळे तुला पहिल्यांदा मुंबईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी काय केलं ते तुला ठाऊक आहे. दिघीच्या जेटीवर तू आणि मावशी आगरदांड्याच्या फेरीबोटीत चढलात, आणि फेरीबोट सुटता सुटता मी धावत पुढे गेले आणि जीव खाऊन ओरडले, “दर्शे, कधी येणार?” मावशींचा चेहरा पडलेला मला काठावरून दिसला.

रक्ताचा आजार आहे हे तोवर आपल्याला कळलं होतं. पुढचे तीन महिने मी ती हाक रोज परत घेत होते. देवळात जाऊन घेत होते, आंघोळ करताना घेत होते. तू परत आलीस, केस गेलेले, डोक्याला टोपी, आणि मी तुला घाबरत घाबरत सांगितलं की मी पाठून हाक मारली. तू म्हणालीस, “मारलीस म्हणून तर आली. कधी येणार विचारलंस, तर येऊन सांगायला नको?” त्या दिवशी मी पोटभर जेवले.

त्यानंतर आपण नऊ भाग लिहिले. तू दवाखान्यातून लिहायचीस, घरी आलीस की पडवीतून. तुझे मेसेज उशिरा यायला लागले, छोटे व्हायला लागले. रोशन कमी बोलायला लागला. वाचणाऱ्यांना वाटलं ती लेखिकेची शैली आहे. एकीने लिहिलं, ‘आता तो किती खोल वाटतो.’ मी ते तुला दाखवलं आणि तू म्हणालीस, “तिला सांग, त्याला दम लागतो म्हणून.”

आणि मग ती दुपार. भांडणं आपली शेकड्याने झाली, पण हे एकच मिटायचं राहिलं. अंगणात ऊन तापलं होतं, तू शाल पांघरून बसली होतीस. मावशी बाजारात गेल्या होत्या. तू कॅलेंडरचा कागद माझ्यापुढे सरकवलास.

“सत्तावीस अष्टमीला घेतलाय. शेवटचा. सई जाईल, खडक उघडणार न्हाय. तो येणार न्हाय. नंतर पण कधी येणार न्हाय. संपली गोष्ट.”

मी म्हटलं, “असं कसं? पुनवेला घेऊ. उधाणाची ओहोटी असते, सगळे खडक उघडे. तो येईल, दोघं बोलतील, मग जाईल. जाऊ दे त्याला, पण बोलून जाऊ दे.”

“बोलून कोण जातंय?”

“लोकांनी सव्वीस भाग वाचलेत, दर्शे. त्यांना एक निरोपसुद्धा द्यायचा नाही?”

“आमचा बाबा काय बोलून गेलेला? अर्धा कप च्या ठेवून गेला.”

“ही तुझ्या बाबांची गोष्ट नाही.”

तू माझ्याकडे बघितलंस. तुझे डोळे तेव्हा चेहऱ्यापेक्षा मोठे झाले होते. “मग कोणाची हाय?” तू विचारलंस, अगदी हळू, भांडणाचा आवाज नव्हताच तो. मला उत्तर माहीत होतं आणि ते मला तोंडावाटे काढायचं नव्हतं. म्हणून मी उठले. “असला शेवट मी लिहिणार नाही. सईचं कोण लिहितं ते बघ तूच,” असं म्हणून चपला घातल्या आणि निघाले. तू हाक मारली नाहीस. तुमच्याकडे मारत नाहीत.

आता उत्तर देते. मला निरोप हवा होता तो रोशनचा नव्हता. तू जाणार हे मला कळत होतं, तुला माझ्याआधी कळलं होतं, मावशींनाही कळलं असणार, आणि आपण तिघी ते सोडून बाकी सगळं बोलत होतो. समोर बसून मला ते बोलता येणार नव्हतं. मला वाटलं सईच्या तोंडी घालून बोलेन. मी एक वाक्य पाठवीन, तू एक पाठवशील, आपण नेहमी करतो तसं, मान खाली घालून. सई म्हणेल की तुझ्याशिवाय मला हे गाव नको. रोशन काहीतरी म्हणेल. त्यात आपलं सगळं बोलून होईल आणि कुणाला लाज वाटणार नाही. एवढ्यासाठी मी भांडत होते. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू मला पुनव काय, वर्षभराच्या पुनवा दिल्या असत्यास.

दहा दिवस मी आले नाही. बालवाडीच्या पोरांचे निकाल लिहायचे होते हे कारण मी आईला सांगितलं, ते निकाल दोन तासांचं काम होतं. चौथ्या दिवशी फोनवर तुझ्या नावाखाली दिसलं, तू काहीतरी लिहीत होतीस. मी फोन हातात धरून बसले. बराच वेळ लिहीत होतीस. मग ते गेलं आणि काहीच आलं नाही. मला वाटलं, आधी तिने बोलावं. चूक तिची आहे. दर्शे, मी खरोखर असा विचार केला. अकराव्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला, आणि त्या काही न बोलता नुसत्या श्वास घेत राहिल्या, तेव्हा मला कळलं.

तेरावं झाल्यावर दोन दिवसांनी मी तुमच्याकडे गेले. मावशी अंगणात होत्या. तुझ्या जागेवर बसायचं नाही असं ठरवून मी पायरीवर बसले. त्यांनी मला चहा दिला आणि माझ्याशी बाजारातल्या भावांबद्दल बोलत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, “गोष्टीचं काय झालं गो?”

मी म्हटलं, “राहिलीय, मावशी. शेवटचा भाग.”

“मग लिव. ती बोललेली मला. तू चिडून गेलीस ना, त्याच सांजेला बोलली, आये, शेवट ऋतूच्या मनासारखा करायचा. तो पोरगा येणार, सगळं बोलून जाणार. मी बोलली, बरं हाय. बोलून जाऊ दे कोणीतरी.”

मला काय झालं असेल याची कल्पना तू करू शकतेस. तू त्याच संध्याकाळी हरली होतीस. नुसतं मला कळवलं नव्हतंस. चौथ्या दिवशी तू तेच लिहीत होतीस का? मग खोडलंस का? दमलीस, की मी आधी बोलावं म्हणून थांबलीस? आपण दोघी एकमेकींची वाट बघत दहा दिवस बसलो आणि दोघींकडेही फोन होते. मावशी मात्र तेव्हापासून त्या निरोपाची वाट बघत होत्या. अकरा वर्षांत त्यांच्याशी कुणी बोलून गेलं नव्हतं, आणि आता तूही तशीच गेलीस, सकाळी, त्या पाणी तापवत असताना.

म्हणून मी लिहायला बसले. तुझ्यासाठी नाही, खरं सांगते, मावशींसाठी. तीन दिवस बसले. पुनव घेतली, उधाणाची ओहोटी घेतली, खडक उघडे केले. सई पळत गेली. रोशन तिथे उभा होता. सईने विचारलं, ‘तू आज जाणार आहेस ना?’ आणि त्यापुढे मला काही येईना. ‘सई, मी आता जातो’ असं लिहिलं आणि खोडलं, तो असं बोलत नाही. ‘तुझी आठवण येईल’ लिहिलं, तर तू वरून हसतेस असं वाटलं. सई कशी बोलते ते मला माहीत आहे, तिच्या तोंडी मी मलाच घालते. रोशनचं एकही वाक्य गेल्या दोन वर्षांत मी लिहिलेलं नाही. शेवटी काय केलं, सईचा तो प्रश्न तुझ्या नंबरवर पाठवला. सवयीने. एक बरोबरची खूण आली, दुसरी आलीच नाही. तुझा फोन मावशींच्या कपाटात बंद पडला आहे.

मी ती खूण बघत बसले आणि मला कळलं की तो येणार नाही. तू म्हणालीस म्हणून नाही, अष्टमी म्हणूनही नाही. त्याचं बोलणं जिच्याकडे होतं ती गेली, म्हणून. मग पुनव खोडली, तुझ्या कागदावर होती तीच तिथी घातली आणि एका बैठकीत भाग लिहून काढला. सई भर दुपारी काठावर जाते. पाणी खडकांवरच राहतं. ती बसते. त्यात एकही संवाद नाही. आपल्या कादंबरीतला असा हा एकच भाग.

तो टाकायच्या आधी मावशींना वाचून दाखवायला हवा होता, आणि मला त्याची भीती वाटत होती. तू त्यांना निरोप कबूल केला होतास आणि मी रिकाम्या हाताने चालले होते. आज दुपारी गेले. त्या सोडे निवडत होत्या. मी पडवीत बसून वाचलं. तुझ्याइतकं चांगलं नाही जमत मला. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. वाचून झालं. मी म्हटलं, “मावशी, मी प्रयत्न केला. त्याला बोलता करायला मला नाही आलं.”

त्या म्हणाल्या, “किती वेळ बसली ती?”

“पाणी पुरतं भरेपर्यंत.”

“मी पण लय बसली,” त्या म्हणाल्या. सुपातले सोडे त्यांनी एकदा पाखडले, परत एकदा पाखडले. “तिला बोल, ऊठ आता. उन्हात बसून काय व्हणार हाय. घरला जा बोल. आय वाट बघत असंल.”

मी ते जसंच्या तसं लिहिलं. काठावरून जाणारी एक मासळीवाली बाई सईला एवढं सांगते आणि पुढे निघून जाते, आणि सई उठते. शेवटचं वाक्य आपल्या दोघींपैकी कुणाचंच नाही, दर्शे. तुला चाललं असतं असं मला वाटतं. मी तिथेच बसून भाग टाकला, खाली ऋतुदर्शना लिहिलं आणि ‘समाप्त’ लिहिलं. नाशिकच्या मुलीला काही वेगळं उत्तर दिलं नाही, तिचं ती वाचेल. मावशींनी मला मूठभर सोडे कागदात बांधून दिले.

मग मी घरी आले. आई फाटकाशी उभी होती, ऊन कलायला लागलं होतं. म्हणाली, “कुठे होतीस गं एवढा वेळ?”

म्हटलं, “दर्शीकडे.”